दारचे आणि घरचे

श्रोतेहो, दिवाळी सरली, पहाटेची थंडी अंगाला झोंबू लागली, की आपल्या गावोगावी एक दृश्य हमखास दिसते. कडब्याच्या गंजीआड, उकिरड्याच्या कडेला, नाही तर देवळामागच्या पडक्या भिंतीशी एखादी कुत्री व्यालेली असते. चार-पाच पिले एकमेकांच्या अंगावर लोळत असतात. दहा-पंधरा दिवसांनी त्यांचे डोळे उघडतात, महिन्याभरात ती लुटूलुटू रस्त्यावर येतात, आणि मग त्यांतली एकेक कमी होऊ लागते. कुणी ट्रॅक्टरच्या चाकाखाली जाते, कुणी हगवणीने मरते, कुणी थंडीने. आणि अशातच कुणाच्या तरी घरचे पोर एक पिलू छातीशी धरून घरी येते, आणि म्हणते, “आपण ठेवू या ना!”

त्या क्षणी घरात जे घडते, त्याविषयी आज मला तुमच्याशी बोलायचे आहे. अशा वेळी आपण एक तर फार कठोर होतो, नाही तर फार घाईने दयाळू होतो. आणि अनुभवाने सांगतो, दुसरी चूक पहिलीपेक्षा लहान नाही.

आमच्या घरी हा प्रसंग सहा वर्षांपूर्वी आला. आमची धाकटी तेव्हा तिसरीत होती. शाळेतून आली ती दप्तर पाठीला न लावता पोटाशी धरून. दप्तरातून कुईकुई ऐकू येत होती. माझी आई ओसरीवर गहू निवडत बसली होती. चष्म्यावरून बघत ती म्हणाली, “ते बाहेर ठेव आधी. कुत्रं दारचं, घरचं नव्हे.”

मुलीने माझ्याकडे पाहिले. मी ‘नको’ म्हणणार होतो. पण मला दुसरेच एक पिलू आठवले.

मी दहा वर्षांचा असताना असेच एक तांबूस पिलू घरी आणले होते. दोन महिने त्याचे सगळ्यांनी कौतुक केले. मग त्याने चपला फाडल्या, शेजारणीच्या कोंबड्यांमागे ते धावले, रात्री भुंकू लागले. एका रविवारी वडिलांनी त्याला पोत्यात घातले, पोते सायकलच्या कॅरिअरला बांधले आणि मला पुढे दांडीवर बसवले. नदी ओलांडून दोन कोसांवर एका माळावर आम्ही पोते सोडले. ते बाहेर आले, त्याने अंग झाडले, शेपूट हलवली. त्याला वाटले, आपल्याला फिरायला आणले आहे. आम्ही निघालो तसे ते सायकलमागे धावू लागले. पुलापर्यंत धावले. वडील मागे वळून पाहत नव्हते. मी पाहत होतो.

माझे वडील निर्दय नव्हते, श्रोतेहो. चारचौघे करीत तेच त्यांनी केले. आजही अनेक जण तेच करतात. जनावर उपाशीतापाशी तडफडेल अशा रीतीने त्याला टाकून देणे हा या देशात १९६० पासून कायद्याने गुन्हा आहे, हे आमच्या घरात कुणाला ठाऊकही नव्हते. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत चिकाटीने पाठपुरावा केला, तेव्हा तो कायदा झाला. कायदा झाला खरा, पण आमच्या सायकलपर्यंत तो पोचला नव्हता.

तेव्हा मी मुलीला ‘नको’ म्हटले नाही, आणि लगेच ‘हो’ही म्हटले नाही. तिला जवळ बसवून विचारले, “हे किती वर्षं जगेल, ठाऊक आहे?”

ती म्हणाली, “दोन?”

“बारा. कदाचित पंधरासुद्धा. तू कॉलेजात जाशील तेव्हाही हे असेल. म्हातारं होईल, डोळ्यांनी दिसेनासं होईल. मग काय करायचं?”

तिने थोडा विचार केला. म्हणाली, “आजीला मोतीबिंदू झाला तेव्हा आपण काय केलं?”

गव्हातला खडा बाजूला टाकीत आई म्हणाली, “घ्या! मला कुत्र्याच्या पंक्तीला बसवलं!” पण ती हसली, आणि पिलू राहिले. त्याचे नाव पडले काळू. आईची अट एकच होती : उंबऱ्याच्या आत पाऊल टाकायचे नाही.

हौसेने आणलेल्या जनावराचे पहिले नुकसान बहुधा आपल्या हौसेनेच होते. पहिल्याच रात्री आम्ही काळूला वाटीभर म्हशीचे दूध पाजले, आणि सकाळी सारी ओसरी धुवावी लागली. गाईम्हशीचे दूध पुष्कळ पिलांना सोसत नाही, हे आम्हांला पशुवैद्यकांनी सांगितले. मऊ भात, कुस्करलेली भाकरी, उकडलेले अंडे, बिनमसाल्याचे मटणाचे पाणी, हा त्याचा आहार. उरलेली तिखट आमटी नव्हे. कांदा, लसूण, द्राक्षे, मनुका, चॉकलेट हे पदार्थ कुत्र्याला विषासारखे आहेत. कोंबडीची शिजवलेली हाडेही घालू नयेत. ती टोकदार फुटतात आणि आतड्यात रुततात. दवाखान्यातून जंताचे औषध आणले, आणि रेबीजची लस तीन महिन्यांचा झाला की टोचून घ्या, असे बजावून सांगितले गेले. तारीख मी भिंतीवरच्या कालनिर्णयावर लिहिली.

आणि इथेच मी चुकलो. त्या सुमारास कॉलेजच्या परीक्षा होत्या. आज जाऊ, उद्या जाऊ, असे करता करता तीन आठवडे गेले.

आमच्या शेजारी बांधकामावर काम करणारे एक कुटुंब राहत होते. त्यांचा पाच वर्षांचा मुलगा काळूशी रोज खेळे. एका संध्याकाळी काळू भाकरी खात असताना त्याने लाडाने मागून त्याला मिठी मारली. काळू दचकून वळला आणि मुलाच्या मनगटावर दोन दात उमटले. थोडे रक्त आले. काळूचा यात दोष नव्हता. खाणाऱ्या जनावराला मागून धरू नये, हे त्या मुलाला कुणी तरी सांगायला हवे होते, आणि ते सांगणे माझे काम होते. लस टोचून घेणे हेही माझेच काम होते.

गर्दी जमली. एक जण म्हणाला, जखमेत तिखट भरा. दुसरा म्हणाला, चुना लावा. सुदैवाने माझ्या पत्नीला माहीत होते. तिने मुलाचा हात नळाखाली धरला आणि साबण लावून पंधरा मिनिटे जखम धूत राहिली. मग आम्ही सरकारी रुग्णालयात गेलो. त्याच दिवशी लस सुरू झाली, आणि रक्त आले होते म्हणून जखमेच्या कडेने प्रतिबंधक औषधही टोचले गेले. मुलगा ओरडला. त्याच्या आईने तोंड फिरवून डोळे पुसले.

त्यानंतर दहा दिवस काळूवर लक्ष ठेवायला डॉक्टरांनी सांगितले होते. कुत्रे पिसाळलेले असेल, तर एवढ्या अवधीत त्याची लक्षणे दिसून ते मरते. ते दहा दिवस मी विसरणार नाही. पहाटे उठून मी आधी काळूपुढे पाणी ठेवी आणि तो पितो का ते बघत उभा राही. दहा दिवस गेले, काळू धडधाकट राहिला. मुलाच्या टोचण्यांसाठी त्याच्या आईला ज्या ज्या दिवशी कामावर खाडा करावा लागला, त्या दिवसांची मजुरी मी देऊ केली. तिने ती घेतली. घेताना एवढेच म्हणाली, “सर, कुत्रं तुम्ही हौसेनं आणलं. भीती आमच्या वाट्याला आली.”

श्रोतेहो, भूतदयेवर मी वर्गात पुष्कळ बोललो आहे. पण त्या बाईंच्या एका वाक्याने मला जे शिकवले, ते माझ्या कुठल्याही व्याख्यानात नव्हते. दया आपण करायची आणि तिची किंमत शेजाऱ्याच्या मुलाने द्यायची, ही दया नव्हे. अनाथ जनावराला आसरा देणारा माणूस दोघांचा देणेकरी असतो : त्या जनावराचा आणि आपल्या शेजाऱ्यांचा.

म्हणून चार गोष्टी आग्रहाने सांगतो. कुत्रे वा मांजर चावले, खोल ओरखडले, तर जखम पंधरा मिनिटे साबणाने आणि वाहत्या पाण्याने धुवा, आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. मंत्र, तिखट, चुना, यांत वेळ घालवू नका. पोटात चौदा इंजेक्शने घ्यावी लागतात ही जुनी भीती मनातून काढून टाका. ती पद्धत केव्हाच बंद झाली. आता दंडावर मोजक्या टोचण्या घ्याव्या लागतात, मात्र ठरलेल्या दिवशी. पिसाळण्याची लक्षणे एकदा माणसात दिसू लागली, की हा रोग जवळजवळ निश्चित प्राण घेतो. पण वेळीच लस घेतली तर तो टाळता येतो. ६ जुलै १८८५ रोजी पॅरिसमध्ये लुई पाश्चर यांच्या देखरेखीखाली जोसेफ माइस्टर नावाच्या नऊ वर्षांच्या, कुत्रा चावलेल्या मुलाला पहिल्याने ही लस टोचली गेली. तो मुलगा वाचला, मोठा झाला, आणि पुढे पाश्चर यांच्याच संस्थेत रखवालदार म्हणून राहिला. आपल्या हाताशी इतकी जुनी आणि खात्रीची विद्या असताना एखादे मूल केवळ उशिरामुळे जावे, याला काय म्हणावे?

आता थोडे मांजराविषयी. घरातले दुसरे जनावर आणले ते, तुम्हांला खरे वाटणार नाही, माझ्या आईने. बाजारातून येताना तिला एक मांजर दिसले. कुणी तरी अंगावर उकळते पाणी टाकले होते. पाठीची कातडी सोलवटली होती. आईने ते पदरात गुंडाळून आणले. दवाखान्यात जखमेवर उपचार झाले. घरी येताच ते ज्वारीच्या कोठीमागे जे शिरले, ते दिवसा बाहेर येईना. रात्री कुणी नसताना खाऊन जाई.

मुलगी सारखी वाकून बघायची. आई म्हणाली, “बघू नकोस तिच्याकडे. माणसानं बघितलं की तिला ते पाणी आठवतं. तू आपलं काम करीत बस.” मग मुलगी कोठीकडे पाठ करून पुस्तक मोठ्याने वाचत बसू लागली. आता ही मुलगी वर्गात वाचायला उभी राहिली की अडखळायची. घरी मी वाचून घेई, तेव्हा आणखीच अडखळायची, कारण प्रत्येक शब्दाला मी टोकत असे. मांजर टोकत नव्हते. मी पलीकडच्या खोलीतून ऐके. आठ-दहा दिवसांत तिच्या वाचण्यातली भीती गेली. अकराव्या दिवशी मांजर बाहेर आले आणि तिच्या मांडीपासून हातभर अंतरावर बसले. त्या दिवसापासून मी मुलीला मध्येच टोकणे सोडले.

शिक्षक बंधुभगिनींनो, हे मी मुद्दाम सांगितले. जखमी जनावराला सांभाळताना मुलाला जे कळते, ते पाठांतराने कळत नाही. घाबरलेल्या जिवाला वेळ द्यावा लागतो, हे त्यातले पहिले. तुमच्या वर्गातही कोठीमागे बसलेले एखादे मूल असेलच.

काळू आणि मनी यांची गाठ आम्ही एकदम घातली नाही. आधी मनीच्या अंथरुणातले फडके काळूच्या जागी ठेवले, काळूचे पोते मनीच्या जागी. वास ओळखीचा झाला, मग दाराच्या फटीतून दर्शन, मग दोरी लावून भेट. तीन आठवडे लागले. आता दोघे एकाच उन्हात पडतात.

आणखी एक गोष्ट, आणि ती बोलायला आपण संकोचतो. घरचे जनावर मोठे झाले की त्याची नसबंदी करून घ्या. एक कुत्री वर्षातून दोनदा विऊ शकते, आणि दर वेळी चार-सहा पिले. ती सारी सांभाळणे कुणालाच शक्य नाही. आज आपण वाचवलेल्या एका जिवापोटी उद्या दहा जीव उकिरड्यावर येणार असतील, तर आपण वाचवले काय? रस्त्यावरच्या कुत्र्यांच्या नसबंदीची आणि लसीची जबाबदारी २०२३ च्या नियमांनी स्थानिक स्वराज्य संस्थांवर टाकली आहे. तेव्हा ग्रामसभेत रस्त्याचा आणि पाण्याचा विषय निघतो, तसा हाही काढायला हरकत नाही.

प्रत्येकाने जनावर घरी आणावे असे माझे म्हणणे मुळीच नाही. ज्याला जमणार नाही, त्याने आणू नये, हाही प्रामाणिकपणाच आहे. दाराशी पाण्याचे भांडे ठेवता येते, शिळी भाकरी देता येते, गल्लीतल्या कुत्र्यांना लस मिळेल असे पाहता येते. पण एकदा ‘आपले’ म्हणून घरात घेतले, की ते शेवटपर्यंत आपले.

नामदेवांची कथा आपण लहानपणापासून ऐकतो. कुत्र्याने पोळी पळवली, आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले. कोरडी खाऊ नकोस म्हणाले. लोकांना त्या कथेतली तुपाची वाटी लक्षात राहते. मला नामदेवांचे धावणे लक्षात राहते. कारण मी लहानपणी उलटे पाहिले आहे : कुत्रे धावत होते, आणि आम्ही पुढे पुढे जात होतो.

काळू आता सहा वर्षांचा आहे. लस दर वर्षी, ठरलेल्या तारखेला होते. शेजारचा तो मुलगा आता मोठा झाला आहे, आणि काळू जेवत असला की इतर पोरांना तोच लांब उभा करतो. आईची अट काळूने अजून मोडलेली नाही. तो उंबऱ्यावर निजतो. पुढचे पाय आत, बाकीचा बाहेर. आई येताजाता म्हणते, “दारचा आहे हो तो.” आणि त्याला ओलांडताना पाय लागू नये म्हणून लुगडे सावरून, जपून पाऊल टाकते.