वेग वाढवायचाय? आधी मदरबोर्ड पाहा

श्रोतेहो, पेडणे-डिचोलीत घरच्या घरी संगणक जोडणाऱ्या तरुणांसाठी आजची माहिती. प्रोसेसर ठरलेल्या वेगापेक्षा जास्त पळवायचा, म्हणजे ओव्हरक्लॉकिंग करायचं, तर आधी मदरबोर्डचा चिपसेट पाहा. इंटेलच्या 'के' प्रोसेसरला झेड मालिकेचा बोर्ड लागतो. एएम ५ सॉकेटच्या एएमडी रायझनला बी ६५० चालतो, ए ६२० नाही. दुकानात रंगीत दिव्यांना भुलू नका, सॉकेटलगतचे व्हीआरएम पाहा. प्रोसेसरला वीज तिथूनच मिळते आणि वेग वाढवला की तेच तापतात. त्यांच्यावर स्क्रूने घट्ट बसवलेला, जाड धातूचा हीटसिंक हवाच. आपल्याकडे मे महिन्यात खोलीच तापलेली असते! पावसाळ्यात वीज जाते-येते, म्हणून यूपीएसही घ्या. ओव्हरक्लॉकिंगने झालेलं नुकसान सहसा वॉरंटीत बसत नाही; पैसे मोजण्याआधी अटी वाचा.