वडगांवची खाणावळ
लोणावळ्यास निघालेला प्रवासी वडगांव मावळ येथें सहसा उतरत नाहीं. जानेवारी १७७९ मध्यें इंग्रजी फौजेला येथें मराठ्यांशीं तह करावा लागला. त्यापलीकडे या गांवांत डोळे दिपावेत असें कांहीं नाहीं. परंतु गाडी चुकून ज्याला येथें दुपार काढावी लागते, तो जुन्या मुंबई-पुणें रस्त्यावरील एखाद्या साध्या खाणावळींत शिरतो आणि वाफाळलेल्या इंद्रायणी भाताच्या सुवासानें थबकतो. आंबेमोहोराच्या संकरांतून येथल्याच संशोधन केंद्रांत निपजलेली ही जात १९८७ सालीं शेतकऱ्यांच्या हातीं आली. मोकळ्या शितांची संवय असलेल्या शहरी जिभेला हा मऊ, चिकट भात प्रथम परका वाटतो. पण वर पिठलें पडलें कीं तो चिकटपणाच गुण ठरतो.

२००२ सालीं द्रुतगति मार्ग पुरा झाला आणि घाईचीं वाहनें गांव टाळून जाऊं लागलीं. मावळांतल्या भातखाचरांतही बंगले उभे राहत आहेत. खाणावळीची चूल खाचराच्या आणि वाटसरूच्या आधारानेंच पेटते. दोन्ही आधार सुटले, तर हा सुवास कोठून दरवळावा? एकदां येथें जेवलेला मनुष्य मात्र पुढील खेपेस गाडी मुद्दाम चुकवितो.