गोळी लपवू नका

मी गोदीत ओझी वाहतो, कविता लिहितो. सरळच बोलतो. तारापूरच्या एमआयडीसीत औषधं बनतात. घाम आपला, आणि डोक्याची गोळी घ्यायची लाजही आपल्यालाच! शुगरची गोळी चारचौघांत गिळतो, मनाची मोरीत लपून. जरा बरं वाटलं की बंद! अरे, बरं वाटतं ते गोळीमुळंच. सोडायची तर डॉक्टरला विचारून, हळूहळू. लिथियम चालू असेल तर रक्त तपासत राहा. घाम गेला, पाणी कमी पडलं, तर त्याचंच विष होतं.

२०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याचं कलम १८ वाचा. सरकारी यादीतली औषधं ग्रामीण रुग्णालयापासून वर फुकट, कायम. पालघर-बोईसरला खिडकीवर 'स्टॉक संपला' म्हणाले, तर तेच लिहून मागा. एकटे जाऊ नका. आम्ही येतो.