मला सगळं दिसतं

(स्नेहमेळाव्यात व्यक्त केलेलं मनोगत)



शाळेत तुमच्या लेखी मी म्हणजे नाताळची सुट्टी संपली की डब्यातून करंज्या आणणारी मुलगी. आज करंज्या नाहीत. डोळ्यांची एक गोष्ट आणली आहे.

आमचं घर वायल्डर मेमोरियल चर्चचं. रॉयल वायल्डर १८५२ मध्ये कोल्हापुरात आले आणि इथं मिशनचं काम सुरू झालं. पुढं १८९४ मध्ये डॉ. विल्यम वानलेस यांनी मिरजेत हॉस्पिटल काढलं. तुमच्याही घरातलं कुणी ना कुणी रेल्वेनं तिथं गेलं असेल. मी सातवीत असताना आजीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन तिथंच झालं. घरी आल्यावर जाड भिंगाच्या चष्म्यातून माझ्याकडं बघून ती म्हणाली, "अगं, किती वाळलीस!" आणि दुसऱ्या दिवसापासून कोपऱ्यातली जळमटं दाखवायला लागली.

मोतीबिंदूत आपल्याला नीट दिसत नाही, हे माणसाला कळतं. काचबिंदूत बऱ्याचदा तेही कळत नाही. दोन वर्षांपूर्वी मी चष्म्याचा नंबर बदलायला गेले, तर डॉक्टरांनी डोळ्यांचा दाब मोजला आणि मला एका यंत्रासमोर बसवलं. प्रकाशाचा ठिपका दिसला की बटण दाबायचं. मधेच बराच वेळ ठिपका येईना. मी इंजिनिअर! मला वाटलं, यंत्रातच बग आहे. रिपोर्ट आला तेव्हा कळलं, ठिपके येत होते. डाव्या बाजूचे मला दिसत नव्हते. नजरेतली रिकामी जागा मेंदू आजूबाजूच्या चित्रानं भरून काढतो, म्हणून माणूस खुशाल म्हणतो, "मला सगळं दिसतं." गेलेली नजर परत येत नाही. उरलेली सांभाळायला मी रोज रात्री थेंब घालते.

त्या रात्री मी योहानाच्या शुभवर्तमानाचा नववा अध्याय काढला. लहानपणापासून ऐकलेली जन्मांधाची गोष्ट. शिष्य येशूला विचारतात, पाप कुणाचं, याचं की याच्या आईबापांचं? आमच्या ऑफिसातही काही बिघडलं की पहिला प्रश्न हाच, चूक कुणाची? येशू म्हणतो, कुणाचीच नाही. तो माती कालवून त्या माणसाच्या डोळ्यांना लावतो आणि त्याला शिलोह तळ्यावर धुवायला पाठवतो.

डोळे त्याच दिवशी उघडतात. आतलं दिसायला मात्र वेळ लागतो. आधी तो येशूला एक माणूस म्हणतो, मग संदेष्टा म्हणतो, आणि लोकांनी हाकलून दिल्यावर शेवटी प्रभू म्हणून नमन करतो. त्याची उलटतपासणी घेणारे विद्वान मात्र शेवटपर्यंत, आम्हाला दिसतंच आहे, या भरवशावर राहतात. येशूच्या मते त्यांचा दोष तिथंच आहे. इतकी वर्षं मी या गोष्टीत स्वतःला त्या आंधळ्याच्या जागी धरत होते. त्या रात्री पहिल्यांदा वाटलं, मी त्या विद्वानांत बसले आहे.

कारण मला आठवीचा वर्ग आठवला. मी मॉनिटर होते. मागच्या बाकावरची एक मुलगी फळ्याकडं न बघता शेजारणीच्या वहीतून उतरवायची. मी रोज तिचं नाव फळ्यावर लिहायचे, 'कॉपी करते' म्हणून. नववीत ती चष्मा लावून आली. तिला फळाच दिसत नव्हता. हे कळूनही मी तिला कधी 'चुकलं' म्हटलं नाही.

मेळाव्याचं ठरल्यावर तिचा नंबर शोधून फोन केला. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "बरं झालं बोललीस. तेव्हा फार रडले होते गं." ही गोष्ट इथं सांगायची परवानगीही तिनंच दिली.

ख्रिस्त जगाचा प्रकाश आहे, असं आम्ही मानतो. पूर्वी मला वाटायचं, त्या प्रकाशात मला देव दिसेल. आता आधी माझ्या डाव्या बाजूला राहून गेलेली माणसं दिसावीत, एवढीच प्रार्थना करते.

आणि हो, चाळिशी आपण सगळ्यांनीच ओलांडली आहे. डोळ्यांचा दाब एकदा तपासून घ्या. "मला सगळं दिसतं" म्हणणाऱ्यांनी आधी जा.