बेळ्ळंदूरच्या झोपड्या आणि फॅसिझमची वाट



फॅसिझमचे स्वरूप ओळखण्यासाठी दर वेळी बर्लिनपर्यंत जावे लागत नाही. बेंगळूरच्या बेळ्ळंदूर भागात जानेवारी २०२० मध्ये जे घडले ते पुरेसे बोलके आहे. करियम्मन अग्रहार येथील कष्टकऱ्यांच्या झोपड्या पोलीस बंदोबस्तात जमीनदोस्त करण्यात आल्या. तेथे ‘बेकायदा बांगलादेशी’ राहतात, असा प्रचार स्थानिक आमदाराने आधीच केला होता. प्रत्यक्षात आसाम, त्रिपुरा आणि खुद्द उत्तर कर्नाटकातून पोटासाठी आलेले मजूर तेथे राहत होते. पुढे पीयूसीएलच्या याचिकेवर कर्नाटक उच्च न्यायालयाने ही कारवाई बेकायदा ठरवली.

यात हित कोणाचे? शेजारच्या टोलेजंग इमारती बांधणारे, झाडणारे आणि राखणारे हात याच वर्गाचे. भांडवलाला हे हात हवे आहेत. हक्क मागणारा माणूस नको आहे. ज्याच्या डोक्यावर ‘परकीय’ हा शिक्का टांगता आहे, तो थकलेली मजुरी मागायला धजत नाही. आणि शेजारचा स्थानिक कामगार मालकाऐवजी त्यालाच शत्रू समजू लागतो.

मुंबईने हा अनुभव पूर्वीच घेतला आहे. १९६६ नंतर तेथे ‘मद्रासी’ कामगाराविरुद्ध द्वेष पेटवण्यात आला. परंतु डिसेंबर १९६७ मध्ये हल्ला झाला तो परळच्या गिरणी कामगार युनियनच्या कचेरीवर; आणि ५ जून १९७० रोजी खून झाला तो कॉम्रेड कृष्णा देसाई या मराठी आमदाराचा! द्वेषाचे निमित्त भाषा होती, लक्ष्य लाल बावटा होता.

प्रत्येक दडपशाही म्हणजे फॅसिझम नव्हे. तसे म्हटल्यास शब्दाची धार बोथट होते. मात्र कामगारवर्गातील फूट हीच त्याची वाट असते. नोव्हेंबर १९३२ च्या निवडणुकीत जर्मनीतील दोन्ही कामगार पक्षांची मते मिळून सुमारे ३७ टक्के, तर नाझींची ३३ टक्के होती. पण हे पक्ष एकमेकांनाच शत्रू मानत राहिले. २ मे १९३३ रोजी नाझींनी कामगार संघटनांच्या कचेऱ्या ताब्यात घेतल्या. संयुक्त आघाडीची हाक दिमित्रोव्ह यांनी १९३५ मध्ये दिली, तेव्हा जर्मन कामगारांपुरता फार उशीर झाला होता.

म्हणून झोपडीतल्या स्थलांतरित मजुराला युनियनचा सभासद करून घेणे, हे दयेचे काम नाही. ते कामगारवर्गाच्या स्वसंरक्षणाचे पहिले पाऊल आहे.