आबांची गिनती

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षातील सभासद-मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या घरातील वडीलधाऱ्या माणसांविषयी मी चार शब्द बोलावेत, अशी सूचना कार्यवाहांनी केली, तेव्हा मी प्रथम नकारच दिला होता. मी वक्ता नव्हे. इतिहास विषय घेऊन बी. ए. झालो आणि केंद्र सरकारच्या सेवेत लागलो, तो आज तीस वर्षे फाइलींवर टिपणे लिहीत आहे. टिपणाच्या भाषेत आजोबांविषयी बोलता येत नाही. परंतु कार्यवाह म्हणाले, "अहो, तुमच्या आजोबांनी मला लहानपणी यमुनेच्या घाटावर मोजलेले आहे. तेवढे तरी सांगा." ह्यावर काय बोलणार?

मंडळाच्या आरंभीच्या वर्षांतील जी मंडळी येथे बसली आहेत, त्यांना ते दृश्य आठवत असेल. गणपतीच्या विसर्जनाला आपण बसने यमुनेवर जात असू. निघण्यापूर्वी आमचे आजोबा, म्हणजे घरातले आबा, बसच्या दाराशी उभे राहत. पांढऱ्या झुबकेदार मिशा, कडक इस्त्रीचा सदरा, हातात वेताची छडी. सगळ्या मुलांना दोन-दोनच्या रांगेत उभे करून ते मोजीत. घाटावर उतरताना पुन्हा मोजीत, परतीच्या वेळी तिसऱ्यांदा. आकडा जुळल्यावाचून बस सुटत नसे. एका वर्षी एक मूल कमी भरले. आरती आटोपलेली, प्रसाद वाटून झालेला, आयांची घालमेल चाललेली. आबा मात्र शांतपणे मागे फिरले आणि त्या मुलाला भेळवाल्याच्या गाडीमागून घेऊन आले. रागावले नाहीत. "बावन्न," एवढेच म्हणून ते बसमध्ये चढले. मोठी माणसे त्यांना "कर्नलसाहेब" म्हणत. आम्ही मुले आपसांत त्यांना "गिनतीवाले आबा" म्हणत असू आणि त्यात थोडी थट्टाही असे, हे आज कबूल केले पाहिजे.

आबा सातारा जिल्ह्यातले. दुसऱ्या महायुद्धात त्यांना मराठा लाइट इन्फंट्रीत कमिशन मिळाले आणि तिकडून ते इटलीच्या आघाडीवर गेले. पुढे १९६० नंतरच्या दशकात ते लेफ्टनंट कर्नल म्हणून निवृत्त झाले व माझ्या वडिलांच्या सरकारी क्वार्टरमध्ये, सरोजिनी नगरला, आमच्याबरोबर राहू लागले. त्यांच्या रेजिमेंटने इटलीत दोन व्हिक्टोरिया क्रॉस मिळविले होते. १९४४ च्या जुलैत नाईक यशवंत घाडगे ह्यांना मरणोत्तर, आणि १९४५ च्या एप्रिलमध्ये सेनिओ नदीच्या काठी शिपाई नामदेव जाधव ह्यांना. ही दोन नावे आमच्या घरात देवादिकांच्या बरोबरीने घेतली जात. साहजिकच माझी अशी समजूत होती की आबांनीही असेच काहीतरी केले असणार आणि केवळ विनयामुळे ते सांगत नसणार.

मी पाचवीत असताना शाळेत प्रजासत्ताक दिनाचा कार्यक्रम होता. बाईंनी प्रत्येकाला घरातल्या एखाद्या देशसेवकाविषयी बोलावयास सांगितले होते. मी उभा राहिलो आणि ठणकावून सांगितले की, माझ्या आजोबांनी संगिनीने शत्रूचे दहा सैनिक ठार केले. टाळ्या झाल्या. आबा दुसऱ्या रांगेत बसले होते. त्यांनीही टाळ्या वाजविल्या. घरी येईपर्यंत ते एक अक्षर बोलले नाहीत. रात्री जेवणे झाल्यावर त्यांनी मला पुढच्या खोलीत बोलावले.

"बाळ, ते दहा तू कुठून आणलेस?"

मी गप्प.

"मारलेल्यांची गिनती मी कधी केलेली नाही," ते म्हणाले. "जिवंत माणसांची केलेली आहे. ती ऐकायची का? मग वही आण."

मी गणिताची वही आणली. त्या रात्री मी प्रथम कोरियाचे नाव ऐकले.

श्रोतेहो, कोरियातील त्या कामगिरीचा आपल्याकडे फारसा उल्लेख होत नाही, म्हणून थोडे विस्ताराने सांगतो. १९५० च्या जूनमध्ये सुरू झालेले ते युद्ध २७ जुलै १९५३ रोजी थांबले. थांबावयास इतका उशीर झाला, त्याचे एक मोठे कारण म्हणजे युद्धकैदी. दोन्ही बाजूंच्या छावण्यांत असे हजारो कैदी होते की जे मायदेशी परत जावयास तयार नव्हते. निदान तयार नाहीत असे सांगितले जात होते. ते स्वेच्छेने म्हणतात की धाकाने, हे ठरवावयाचे कोणी? शेवटी पाच तटस्थ राष्ट्रांचा आयोग नेमण्यात आला. अध्यक्षपद भारताकडे, म्हणजे जनरल थिमय्यांकडे आले. कैद्यांना प्रत्यक्ष सांभाळण्याचे काम एकट्या भारताच्या सैन्याकडे आले. त्या दलाचे सेनापती होते मेजर जनरल शंकरराव थोरात, आपल्या कोल्हापूरकडचे. आबा त्या वेळी मेजर होते आणि दलाच्या मुख्यालयात त्यांची नेमणूक झाली होती.

दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन ऱ्ही ह्यांनी भारतीय सैनिकाचे पाऊल आपल्या भूमीवर पडू देणार नाही असे जाहीर केले होते. त्यामुळे आपले जवान इंचॉनच्या किनाऱ्याजवळील जहाजावरून हेलिकॉप्टरने थेट निःसैनिकी पट्ट्यात उतरविण्यात आले. तेथील आपल्या वसाहतीचे नाव हिंद नगर. आबा म्हणत, "आम्ही त्या देशात सहा महिने राहिलो, पण त्याच्या मातीला पाय लावायला परवानगी नव्हती. मधल्या पट्टीवर उभे होतो."

संयुक्त राष्ट्रांच्या बाजूने ताब्यात आलेले कैदी २२,६०४. त्यांतले बहुतेक चिनी, बाकीचे कोरियन. उत्तरेकडून आलेले अवघे ३५९. काटेरी तारांच्या वाड्यांत त्यांची सोय केली होती. अडचण अशी की तारांच्या आत राज्य होते ते कैद्यांच्याच पुढाऱ्यांचे. ज्याला गुपचूप घरी जावेसे वाटे, त्याला रात्री तार ओलांडून आपल्या जवानाच्या पायाशी येऊन पडावे लागे. पकडला गेला तर त्याचे सोबतीच त्याचा निकाल लावीत. म्हणून गिनतीला महत्त्व. सकाळी आकडा एकाने कमी भरला, तर तो पळाला की रात्री आतल्या आत मारला गेला, ह्याचा शोध त्याच घटकेला घ्यावा लागे. कैदी मोजू देत नसत. आरडाओरडा, दगडफेक. ऑक्टोबरच्या आरंभी दोनदा गोळीबार करण्याची पाळी आली, कैदी मेले. त्या दोन दिवसांविषयी आबांनी मला एवढेच सांगितले. मी पुढे विचारले नाही, त्यांनी सांगितले नाही.

एक प्रसंग मात्र ते रंगवून सांगत. सप्टेंबरच्या अखेरीस चिनी कैद्यांनी मेजर ग्रेवाल नावाच्या अधिकाऱ्याला वाड्यात ओढून नेऊन ओलीस धरले. जनरल थोरात हत्यार न घेता, मोजक्या अधिकाऱ्यांसह फाटक उघडवून आत गेले. भोवती शेकडो खवळलेले कैदी. थोरात खाली बसले आणि म्हणाले, आमच्या देशात दारी आलेल्या पाहुण्याला निदान चहा तरी विचारतात. कैदी चकित झाले, कोणीतरी हसले, चहा आला, सिगारेटी आल्या, आणि काही वेळाने ग्रेवालांना बरोबर घेऊन जनरलसाहेब बाहेर पडले. ह्या कामगिरीबद्दल थोरातांना अशोकचक्र वर्ग २ मिळाले. त्यालाच पुढे कीर्तिचक्र म्हणू लागले. (ह्याच थोरातांनी १९६० साली लखनौला 'लाल किल्ला' हा युद्धसराव घेऊन चीनच्या धोक्याचा इशारा दिला होता. तो विषय इतका मोठा आहे की मंडळाने त्यावर स्वतंत्र व्याख्यान ठेवावे, अशी माझी विनंती आहे.)

तर त्या रात्री आबांनी मला वहीत आकडे लिहावयास सांगितले. मायदेशी परत गेले ते ६२८. आमच्याबरोबर हिंदुस्थानात आले ते ८६. निसटले १३. मरण पावले ३८. जानेवारी १९५४ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या हवाली केले ते २१,८३९. "कर बेरीज." मी केली. २२,६०४. आबांनी वही हातात घेतली, बेरीज स्वतः पुन्हा तपासली आणि अडतीसच्या आकड्यावर बोट ठेवून बराच वेळ बसून राहिले. मग म्हणाले, "जा, झोप आता."

त्या ८६ जणांत उत्तरेकडचे दोन मिळून ८८ झाले. ज्यांना हा देशही नको होता आणि तोही नको, असे हे ८८ लोक १९५४ च्या फेब्रुवारीत मद्रास बंदरात उतरले आणि नंतर आपल्या दिल्ली छावणीत त्यांना ठेवण्यात आले. आबांची बदली त्या सुमारास दिल्लीलाच झाली. माझे वडील तेव्हा नऊ वर्षांचे होते. आबा रविवारी त्यांना सायकलवर पुढे बसवून छावणीत नेत, ही हकीकत मला वडिलांकडून कळली. आमची आजी पहिल्यांदा फार नाराज होती. "हे परक्या कैद्यांकडे जातात आणि घरी रविवारी कोणी नाही," अशी तिची तक्रार. एकदा आबांनी डब्यात भाकरी आणि तिने वाटलेला लसूण-मिरचीचा ठेचा नेला. दिल्लीतल्या शेजाऱ्यांना जो बोटाच्या टोकाने चाखवत नव्हता, तो ठेचा कोरियन मंडळींनी चाटून पुसून संपविला आणि रिकामा डबा धुऊन, वाकून दोन्ही हातांनी परत केला. त्यानंतर आजी दर शनिवारी संध्याकाळी पाट्यावर बसे. तिने त्यांतल्या एकालाही कधी पाहिले नाही. पण "माझी जेवणारी माणसे" असा त्यांचा उल्लेख ती करी.

१९५६ साली त्यांतला मोठा गट ब्राझीलला गेला, पुढे काही अर्जेंटिनाला गेले, मोजके लोक भारतातच राहिले. ब्राझीलहून आबांना एक पोस्टकार्ड आले होते. इंग्रजी मोडकेतोडके, पण खाली कोरियन अक्षरांत सही. ते त्यांनी आपल्या काळ्या ट्रंकेत, कोरियातल्या टिपणवह्यांबरोबर ठेवले होते. ह्या वह्यांत दररोजची गिनती आबांच्या हाताने लिहिलेली होती. मी त्या लहानपणी एकदाच चाळल्या. नुसते आकडे, कंटाळा आला.

आता जे सांगावयाचे आहे, ते सांगताना संकोच वाटतो. १९९४ साली आबा गेले. शेवटच्या आठवड्यात त्यांना भान नव्हते. रात्री माझी पाळी असे. एकदा पहाटे त्यांनी डोळे उघडून स्पष्ट आवाजात विचारले, "गिनती पूरी?" मी म्हणालो, "पूरी, आबा." दुसरे काय म्हणणार? त्यांनी डोळे मिटले.

त्याच वर्षी वडील निवृत्त झाले आणि क्वार्टर रिकामे करावयाचे होते. जागा लहान, सामान फार. वडिलांनी ट्रंकेचे काम माझ्यावर सोपविले. मी नुकताच नोकरीला लागलो होतो, घाईत होतो. पदके बाजूला काढली, ती आज काचेच्या चौकटीत माझ्या बैठकीत आहेत. येणारे-जाणारे कौतुकाने पाहतात. कागद मी कबाड्याला दिले. वजन करून दिले. पोस्टकार्डही त्यांतच गेले. कोणता कागद किती वर्षे जपावा आणि कोणता नष्ट करावा, ह्याचे नियम दाखवून आज मी कनिष्ठ सहकाऱ्यांचे कान उपटतो. आणि माझ्या हातून हे झाले. वडिलांनी नंतर एकदाच विचारले, "वह्या कुठे आहेत रे?" मी खरे सांगितले. ते उठून गच्चीत गेले.

माझी मुलगी गेल्या वर्षी कोरियाला शिकावयास गेली. जाण्यापूर्वी तिने पणजोबांविषयी विचारले, तेव्हा मी तिला पाचवीतली ती बेरीज एका कागदावर लिहून दिली. मला ती तोंडपाठ होती. तेवढेच माझ्याजवळ उरले आहे.

मंडळींना एक विनंती करून थांबतो. आपल्यापैकी अनेकांची घरे पिढ्यानपिढ्या दिल्लीत आहेत आणि कित्येकांचे वडील-आजोबा त्या काळात छावणीत नोकरीस होते. १९५४ ते ५६ च्या दरम्यान तेथे राहिलेल्या त्या कोरियन अथवा चिनी माणसांविषयी कोणाच्या घरी काही ऐकिवात असेल, एखादे छायाचित्र, एखादे नाव असेल, तर कृपा करून कार्यक्रमानंतर मला भेटावे. मी चहाच्या टेबलाजवळ उभा आहे. वही बरोबर आणली आहे.