वळणावरचा कल

महाबळेश्वराहून पोलादपूरकडे उतरणाऱ्या आंबेनळी घाटात मोटारसायकल वळणावर आतल्या अंगास झुकते, ती चालकाच्या हौसेखातर नव्हे, तर गुरुत्वाकर्षण आणि बाहेर लोटणारी केंद्रोत्सारी प्रेरणा यांचा समतोल राखण्याकरिता. वेग थोडा वाढला की कल फार वाढतो: २० मीटर त्रिज्येच्या सपाट वळणावर ताशी ३६ किलोमीटर वेगास सुमारे २७ अंश पुरतात, तर ताशी ५४ ला ४९ अंश लागतात, आणि तेवढ्या कलास लागणारी पकड पावसाने भिजलेल्या डांबरावर टायरास मिळणे केवळ अशक्य! शिवाय ऐन वळणात ब्रेक दाबल्यास तीच मर्यादित पकड दोन कामांत वाटली जाते. यास्तव, तरुण मित्रांनो, वेग वळणापूर्वीच उतरवा.